आधी पाइप खाली ठेवा

(दृश्य : आयर्विन पूल. खांबावरच्या फुटांच्या खुणा. खाली गढूळ कृष्णा.)

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "किती फूट झालं?" कशाचे फूट, हे विचारणारा माणूस बाहेरगावचा समजायचा. १९२९ सालच्या या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे आकडेही इथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील.

पूर येतो आणि ओसरतो. पण या जिल्ह्याला दुसरंही एक पाणी नडलंय आणि त्याच्या फुटांची चर्चा कुणी करत नाही. कृष्णाकाठच्या उसाला वर्षानुवर्षं पाटानं मोकाट पाणी दिलं गेलं. निचऱ्याला वाट नव्हती. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली आणि येताना क्षारही वर घेऊन आली. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत अशी रानं आहेत, जिथं उन्हाळ्यात मातीवर पांढरट थर धरतो आणि पीक पिवळं पडून बसतं. ती रानं पुन्हा लागवडीला आणायची तर जमिनीत छिद्रांचे पाइप पुरून साठलेलं पाणी बाहेर काढावं लागतं. काम खर्चाचं, आणि एकट्यानं होण्यासारखं नाही. आपल्या रानातलं पाणी काढायचं तर ते खालच्याच्या बांधावरून जाणार ना!

आज आपण आलोय ते मात्र शेतात नाही. सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला एक कॉलनी आहे, तिथल्या सामायिक भाजीबागेत. चार गुंठ्यांची जागा. पण गोष्ट तीच आहे, पाण्याची.

(दृश्य : जाळीचं फाटक, आत वाफे. फाटकाशेजारी काळी पाटी, खडूनं लिहिलेली पाण्याची पाळी.)

मंजूर लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कॉलनीतली माणसं तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. बहुतेक ओपन स्पेसच्या नशिबी गाजर गवत, बांधकामाचा राडारोडा आणि एखादी गंजलेली घसरगुंडी येते. पण ज्यांच्याकडे ती आहे ते नशीबवानच म्हणायचे. सांगलीच्या उपनगरांत गुंठेवारीच्या वसाहती काही कमी नाहीत. तिथं गुंठा-गुंठा करून सगळं रान विकलं गेलं, मोकळं काही ठेवलंच नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ती घरं नियमित करून घेता आली. न सोडलेली जागा मात्र कायद्यालाही परत आणता आली नाही.

ओपन स्पेस असली म्हणजे लगेच कुदळ मारायची, असंही नाही. जागा नेमकी कुणाच्या ताब्यात आहे, लेआउटच्या नकाशात ती कशासाठी दाखवलीय, हे आधी बघायचं. रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, लेखी परवानगी घ्यायची. पक्कं बांधकाम तिथं करायचं नाही. हे कंटाळवाणं काम ज्या कॉलनीत एखादा निवृत्त कारकून मनावर घेतो, त्या कॉलनीत बाग होते.

(दृश्य : उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन. भेगेत उभी घातलेली पट्टी.)

ही सांगलीची काळी माती. कसदार, पण स्वभाव एकदम टोकाचा. भिजली की फुगते, वाळली की आखडते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवायची हिची ताकद मोठी, आणि हौशी माणसाला नेमकं हेच माहीत नसतं. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरच्या कुंड्यांचे व्हिडिओ बघून तो रोज संध्याकाळी पाइप घेऊन उभा राहतो. कुंडीतलं पाणी भोकातून निघून जातं. काळ्या रानातलं कुठं जाणार? मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजायला लागतात. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, मग ते कोमेजतं. आणि कोमेजलेलं दिसलं की हा माणूस आणखी पाणी घालतो.

"काय करायलाय काकू?"
"पाणी घालायलेय की. मान टाकल्यात बघा मिरच्यांनी."
"आधी पाइप खाली ठेवा. माती बघितलीसा का हातात घेऊन?"

बोलणारे अण्णा. नोकरी बँकेत झाली, पण मूळचं रान पलूसकडं. बागेतल्या निम्म्या मिरच्या त्यांनी पाणी न घालून वाचवल्यात, असं इथं गमतीनं म्हणतात.

(दृश्य : अगदी जवळून हात. चार बोटं खोल उकरलेली माती, मूठ मिटते, उघडते.)

आता हात नीट बघा. वरची वाळलेली माती बाजूला सारलीय. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबलीय. गोळा होतच नसेल, हातातून भुगाच गळत असेल, तर पाणी द्यायचं. गोळा झाला, कमरेच्या उंचीवरून टाकला आणि खाली पडून फुटला, म्हणजे वापसा आहे. मुळांना ओलही आहे आणि हवाही. आज पाण्याची गरज नाही. आणि गोळा पडून तसाच चपटा बसला, बोटांना चिकट राड लागली, तर दोन-तीन दिवस नळाकडं फिरकायचं नाही. ओलाव्याचं मीटर बाजारात मिळतं. घ्यायचं तर घ्या. चिकण मातीत त्याच्यापेक्षा माझा मुठीवर जास्त विश्वास आहे.

पाणी कमी द्यायचं, तसं पावसाचं जास्तीचं पाणी काढूनही द्यायचं. म्हणून इथं सगळे गादीवाफे आहेत. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. उंची नऊ इंच ते फूटभर. दोन वाफ्यांमधली वाट उताराच्या दिशेनं काढलेली. नवा सभासद आला की त्याला आधी एवढंच सांगतात : वाफ्यावर पाय नाही. भुसभुशीत केलेली काळी माती ओली असताना एकदा तुडवली की ती विटेसारखी होते.

(दृश्य : ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उतरवलेलं उसाचं पाचट. वाटांवर पसरणारी माणसं, एक मुलगा पाचटात लोळतोय.)

आच्छादनाला सांगलीत पैसे मोजायची गरज नाही. तोडणी झाली की रानोमाळ पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पडलेलं असतं, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते सरळ पेटवून देतात. हिवाळ्याच्या संध्याकाळी गावाकडून येताना तो धूर नाकात जातो. त्यातलीच एक ट्रॉली इथं येते. वाटांवर जाड थर, झाडांच्या बुडाशी पातळ थर, देठापासून चार बोटं सोडून. आच्छादनाखालची ओल टिकते. दुसरा फायदा बोअरच्या पाण्यावर बाग असणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दर पाण्याबरोबर थोडा क्षार मातीत येतो. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागं राहतो. उन्हानं पाणी जितकं कमी उडेल तितकं पाणी कमी द्यावं लागतं, आणि क्षारही तितका कमी साठतो.

उरलेलं पाचट कंपोस्टला. घराघरांतून भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा येतो. त्याची एक पाटी टाकली की वर दोन-तीन पाट्या कोरडा पाला नाहीतर पाचट. पाचट आधी कोयत्यानं वीतभर तोडून घ्यायचं, अख्खं टाकलं तर वर्षभर कुजत नाही. त्यात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ओल्या कचऱ्यात आणि शेणकाल्यात नत्र असतं. सरासरी २५-३० भाग कर्बाला एक भाग नत्र, असं जमलं की ढीग तापतो. वास मारायला लागला तर कोरडं कमी पडलं किंवा पाणी जास्त झालं. इथंही पाणीच!

ढिगात एक लोखंडी सळई खुपसून ठेवलेली असते. पाच मिनिटांनी ती ओढून हातात धरायची. चटका बसला तर आत काम चाललंय, ५५-६० अंशांच्या आसपास. थंड लागली तर ढीग उलथायची वेळ झाली. कॉलनीतल्या पोरांचा हा आवडता उद्योग आहे.

(दृश्य : वांग्याचं झाड. जांभळी फुलं, काटेरी देठ. एक शेंडा सुकून खाली वळलेला.)

कृष्णाकाठी बाग आणि वांगी नाहीत, असं कसं चालेल? नदीच्या गाळाच्या रानातली वांगी इथल्या जेवणात मिरवणारी. भरल्या वांग्याला तर दुसरं वांगं चालतच नाही, असं हट्टानं सांगणारे भेटतील. भोगीच्या मिसळीच्या भाजीत पावटा, गाजर, हरभरा सगळे असतात. पण वांगं नसलं तर त्या बाजरीच्या भाकरीला कोण विचारतो?

वांग्याचा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. हा शेंडा बघा. बाकी झाड टवटवीत, पाणी बरोबर, आणि एकच शेंडा मान टाकून. बागेतल्या अक्का तो शेंडा निरोगी भागापर्यंत खाली कात्रीनं कापतात. कापलेला तुकडा उभा चिरतात. आत पोकळ बोगदा, बोगद्यात काळपट विष्ठा आणि शेवटाला गुलाबीसर अळी. दिसायला एवढीशी. फळ लागल्यावर हीच फळात शिरते, आणि एकदा आत गेली की वरून कुठली फवारणी तिच्यापर्यंत पोचणार? म्हणून सुकलेले शेंडे दर दोन-तीन दिवसांनी कापायचे आणि नष्ट करायचे, कंपोस्टात टाकायचे नाहीत. जोडीला नरपतंग पकडणारे कामगंध सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क. शेजारच्या वाफ्यात झेंडू आहे, तो मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमीसाठी. झेंडू लावला की सगळी कीड पळते असं जे सांगितलं जातं, ते जरा अतीच आहे.

आणि एकानं शेंडे कापून भागत नाही. शेजारच्या वाफ्यातल्या माणसानं कंटाळा केला की पतंग तिथून उडून इकडं येतात. सामायिक बागेतलं रोग-कीड हे सामायिकच.

(दृश्य : हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. मग बागेत, आंब्याच्या सावलीत हळदीची पानं.)

सांगलीची म्हणून हळदीच्याही दोन सऱ्या आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र हळदीवर काम करतं, 'फुले स्वरूपा' हा वाण तिथलाच. हळद अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावायची आणि आठ-नऊ महिन्यांनी काढायची. अर्धवट सावलीत येते, पण पाणी साठलं की गड्डा कुजतो. हरिपूरला जुन्या काळी व्यापारी हळद जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, म्हणजे पेवांत ठेवायचे, आणि ती वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. कारण तिथल्या मातीत खाली पाणी झिरपत नसे. २००५ च्या पुरात नदीच वरून पेवांत शिरली.

(दृश्य : रविवार सकाळ. वाफ्यांवर माणसं, एका कोपऱ्यात वाद चाललाय.)

या बागेत तुम्ही सामील झालात तर काय पदरात पडेल? खरं सांगायचं तर मंडई सुटणार नाही. कांदा, बटाटा, टोमॅटो विकतच आणावा लागेल. कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोलकर 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या मंडळातून सांगायचे की दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब भागतं. पण त्यामागं रोजचा अभ्यास आणि रोजची मेहनत धरलेली होती. इथं चार गुंठ्यांत अख्खी कॉलनी आहे. एका घराला चार बाय दहाचा एक वाफा मिळतो, त्यात मेथी, पोकळा, चाकवत, चुका आलटून-पालटून निघतो. मेथी महिन्याभरात जुडीला येते. आठवड्यातून दोनदा ताजी पालेभाजी घरची झाली, तर पुष्कळ झालं.

भांडणं होतात. पाळी सोडून कुणी मोटार चालू करतं. मे महिन्यात निम्मी घरं गावी जातात आणि त्यांचे वाफे उरलेल्यांच्या गळ्यात पडतात. गौरी-गणपतीच्या तोंडावर मांडवावरचा दुधी कुंपणाबाहेरचं कुणीतरी घेऊन जातं. त्यावर इलाज म्हणून कुंपणालगत सगळी अंबाडी लावली. अंबाडी कुणी चोरत नाही. इथल्या मंडळींना ती आवडत असूनसुद्धा.

वाफे चिठ्ठ्या टाकून वाटतात, मृगाच्या आधी. नवीन घराला पहिल्या हंगामात स्वतःचा वाफा नाही. त्यांनी सामायिक वाफ्यांवर आणि कंपोस्टाच्या ढिगावर काम करायचं. काहींना हे खटकतं. मला वाटतं, नियम बरोबर आहे. ढीग चार वेळा उलथलेल्या माणसाला पाण्याचं भान लवकर येतं. पाळी चुकवायची असेल तर आदल्या दिवशी पाटीवर दुसऱ्याचं नाव लिहून जायचं, त्या माणसाला विचारून.

(दृश्य : बागेचा खालचा कोपरा. रुंद पानांचा अळू, मागं केळी.)

सगळ्या वाटांचा उतार शेवटी या कोपऱ्यात येतो. इथल्या दोन वाफ्यांची चिठ्ठी निघाली की माणसं तोंड वाकडं करायची. पावसाळाभर राड, मिरची गेली, गवार गेली. भर टाकून वाफे उंच करावेत असा एक विचार होता, पण मग ते पाणी दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात शिरलं असतं. शेवटी हे दोन वाफे चिठ्ठीतूनच काढले आणि तिथं अळू लावला, मागं केळी. दोघांनाही पाणी लागतंच. काळ्या देठाचा अळू वडीसाठी, हिरव्या देठाचा भाजीसाठी. श्रावणात ज्याला हवा त्यानं कापून न्यायचा, गाभ्याची कोवळी पानं तेवढी ठेवायची. सध्या वाद आहे तो केळीच्या घडावर. लोंगर एकच आहे आणि घरं बावीस.