ऑर्डर देण्याआधीची दोन मिनिटं

(लातूरमधल्या एका व्याख्यानमालेत आहारतज्ज्ञ वक्त्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, हॉटेलात जाऊ नका हे सांगायला मी आलेली नाही. पोराचा निकाल लागला, मोंढ्यात सौदा जमला, पाहुणे आले की आपल्याकडं 'चला, जेवायला जाऊ' ठरलेलंच असतं. जरूर जा. मला बोलायचंय ते फक्त ऑर्डर देतानाच्या दोन मिनिटांबद्दल. ताट पुढ्यात आल्यावर कुणाला पथ्य आठवत नाही.

नांदेड रोडवरच्या एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉटेलच्या भटारखान्यात डोकावून बघा. दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी. मेनूकार्डावर भाज्यांची नावं ढीगभर, पण पनीर मसाला घ्या नाहीतर व्हेज कोल्हापुरी, पाया तोच. ग्रेव्ही परतताना तेल, ऑर्डर आली की कढईत पुन्हा तेल, वरून बटर किंवा क्रीम. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी असतात. भाजीत असे किती चमचे पडलेत, ते वाटीच्या कडेला आलेल्या तर्रीवरून ओळखा. 'आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय होतंय?' असं म्हणून काजू करी मागवणारे खूप भेटतात. काजू शाकाहारी आहे हो, पण हलका नाही.

म्हणून वेटरला आधी विचारा, 'दादा, ताजं काय करून मिळंल?' पिठलं, वांग्याचं भरीत, मेथीची सुकी भाजी, अंडा भुर्जी हे बहुतेक ठिकाणी ऑर्डर आल्यावरच तव्यावर पडतं. तिथं 'तेल कमी टाका' म्हणायला जागा असते. आधीच केलेल्या ग्रेव्हीतलं तेल आचारी कुठून काढणार? दाल तडक्याऐवजी साधं वरण मिळतं का बघा. रोटीला बटर नको हेही तेव्हाच सांगा. मटण मागवलं तर फोडी घ्या, रस्सा बेतानं.

आता भाकरी. ढाब्यांवर गरम भाकरी मिळायला लागली, फार चांगलं झालं. ज्वारी आपल्या मातीतली. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' वाणात तर लोह आणि जस्तही जास्त आहे. मैद्याच्या नानपेक्षा भाकरी कधीही बरी, त्यात तंतू जास्त असतात. पण 'डॉक्टरनीच सांगितलंय, भाकरीनं शुगर वाढत नाही' म्हणत लोक तीन-तीन भाकऱ्या संपवतात. तसं नाही, शुगर भाकरीनंही वाढते! भाकरीतही पिष्टमय पदार्थच असतात. एक खा, सोबत कांदा-काकडी भरपूर घ्या.

संभाजीनगरला नान खलिया, म्हणजे तिथला नान आणि मटणाचा रस्सा, खायला गेलात तर मात्र तिथं सॅलड शोधत बसू नका. नान खलियाच खा, मन लावून खा. मला काळजी आहे ती दर आठवड्याच्या, चवही लक्षात न राहणाऱ्या पनीरची.

आपली खरी अडचण आग्रहाची. बिल देणारा ऑर्डर देतो आणि कमी मागवलं तर त्याला कमीपणा वाटतो. चौघांत चार भाज्या येतात, वर मसाला पापड, शेवटी गुलाबजाम. आधी दोनच भाज्या मागवा, लागलं तर पुन्हा सांगता येतं. बीपीवाल्यांनी पापड-लोणचं जपूनच घ्यावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. ताकसुद्धा बिनमिठाचं मागा.

मोठ्या साखळी हॉटेलांच्या मेनूवर आता कॅलरी छापलेल्या दिसतात. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असतील तर तो नियमच आहे. आपल्या ढाब्याला तो लागू नाही, तिथं तोंडानं विचारायचं.

मघाशी एका ड्रायव्हर दादांनी विचारलं, रात्री अकराला ढाब्यावर थांबल्यावर काय खावं? दादा, संध्याकाळी सातच्या सुमारास गाडीतच मूठभर फुटाणे आणि एखादं केळ खाऊन घ्या. मग अकराला एक भाकरी आणि पिठल्यावर भागतं. कोल्ड्रिंक नको, शंभर मिलीत दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. झोप उडवायला चहा घ्या, साखर कमी सांगून. आणि तरीही डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन झोपा, त्यावर माझ्याकडं आहार नाही.