सावंत शांता, 32 बाइट

(दृश्य: फोंड्यातली एक खोली. बाहेर पाऊस. लॅपटॉपवर छातीचा एक्स-रे.)

एक्स-रे स्वच्छ आहे, फासळी न् फासळी मोजता येते. पण कोपऱ्यात रुग्णाच्या नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', शेजारी चार टोकांचं एक गोल चिन्ह, आणि पुन्हा पुन्हा तीच जोडी. दहा वेळा.

चाचणीसाठी बनवलेल्या या फाइलमध्ये नाव आहे शांता सावंत. फाइल बरोबर आहे. चुकला तो ती वाचणारा आमचा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर.

एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवायच्या या पद्धतीला डायकॉम म्हणतात. रुग्णाचं नाव 0010,0010 या टॅगमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या खणात, असतं. त्याच्या आधी 0008,0005 येतो, आणि मजकूर कुठल्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) लिहिलाय ते सांगतो. पार्सर त्याला न विचारताच पुढे गेला, सगळं लॅटिन-1, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा सेट, समजून.

गोव्यात ही चूक फार दिवस लपत नाही. एकाच बाकावर शांता असते आणि जुआंवही, ज्याच्या पोर्तुगीज स्पेलिंगात 'ए'वर नागमोडी रेघ असते. ते अक्षर लॅटिन-1मध्ये एक बाइट, जगभरच्या लिप्यांसाठीच्या यूटीएफ-8मध्ये (आपली फाइल त्यातच आहे) दोन. देवनागरीत अक्षर, काना, अनुस्वार, प्रत्येकाला तीन. 'सावंत'चे 15, 'शांता'चे 15, आडनाव आणि नाव यांच्या मधल्या खुणेचा एक. डायकॉमला लांबी सम लागते, म्हणून शेवटी एक रिकामी जागा. झाले 32.

(दृश्य: पडद्यावर बाइटांच्या ओळी.)

यूटीएफ-8 त्या मानानं सोपं गेलं. खरी दमछाक चिनी नावांनी केली. जीबीके या चिनी कॅरेक्टर सेटमध्ये काही अक्षरांचा दुसरा बाइट उलट्या तिरक्या रेघेचाच असतो, आणि डायकॉममध्ये तीच रेघ दोन मूल्यं वेगळी करते. आधी तोडलं की अक्षर मधोमध फुटतं. तिथं आधी लिपी उलगडायची, मगच तोडायचं.

आणि कॅरेक्टर सेटचा टॅगच खोटं सांगत असेल तर? अंदाजानं नाव गुपचूप 'दुरुस्त' करू नये, यावर मी ठाम आहे. मूळ बाइट जसेच्या तसे ठेवावेत आणि इशारा द्यावा. मागच्या वर्षीचा एक्स-रे शोधताना हेच नाव टाइप केलं जातं.

(दृश्य: तीच फाइल पुन्हा उघडते.)

कोपऱ्यात आता दोनच शब्द आहेत. सावंत शांता.