काळ्या मातीतली पांदण आणि अंबाडीचा धागा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात वावरात खताची पिशवी न्यायची म्हटलं की आधी पांदण आठवते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ट्रॅक्टर फसतो, बंडीचं चाक रुततं. दरवर्षी मुरूम टाकायचा आणि दरवर्षी तो काळ्या मातीनं गिळायचा.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आक्रसतं, मग भेगा पडतात. रस्त्याचे इंजिनिअर मातीचा नमुना 4 दिवस भिजवून तिची भार पेलण्याची ताकद मोजतात, तिला सीबीआर म्हणतात. ठेचलेल्या चांगल्या खडीची ताकद 100 धरली, तर भिजलेल्या काळ्या मातीची बहुधा 2 ते 4च भरते.

माती दाब सोसते, पण ओढ बसली की फाटते. अंबाडी, ताग, घायपात किंवा नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे तिच्यात सगळीकडे सारखे मिसळले, तर कण धाग्याला धरून राहतात आणि भेग उघडायला लागली की धागा आडवा येतो. मातीच्या भिंतीत आपण भुसा कालवत आलो, तो याचसाठी. धागा फार लागत नाही: कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का. जास्त झाला की गुंता होतो आणि रोलर फिरवूनही माती नीट दबत नाही.

दुसरा मार्ग काथ्याच्या विणलेल्या जाळीचा. ती माती आणि मुरूम यांच्यामध्ये अंथरतात. मुरूम खाली उतरत नाही, पाणी मात्र झिरपून जातं. 2020 मध्ये केंद्र सरकारनं प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी ही जाळी स्वीकारली, आणि त्यात महाराष्ट्रही होता.

धागा कुजणार नाही का? कुजणार. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर; म्हणून तो सावकाश कुजतो; ताग-अंबाडी लवकर. तोवर वाहतुकीनं खालची माती दबून घट्ट व्हायला हवी, आणि पाणी साचत राहिलं तर ती होत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या नाल्या आधी काढा. मातीचं फुगणंही एकट्या धाग्यानं थांबत नाही, त्यासाठी चुना लागतो. हे न सांगता कुणी नुसता धागा विकायला आला, तर त्याला परत पाठवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंबाडी आपल्याकडे भाजीपुरती उरली आहे. तिच्या धाग्याला गावातच गिऱ्हाईक मिळालं, तर धुऱ्यावरची ओळ पुन्हा वाढेल, असं मला मनापासून वाटतं. येत्या ग्रामसभेत पांदणीचा विषय निघाला, तर थोडाच तुकडा या पद्धतीनं करून पाहू द्या, असं म्हणा. मातीचा नमुना उन्हाळ्यातच जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात द्या; धागा घालून आणि न घालता, दोन्ही सीबीआर मागून घ्या.