पाळीला निघालेल्या आजोबांसोबत

मंडळी, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना भेटायला तुम्ही त्यांच्या घरी जाणार आहात. पहिल्याच भेटीत एक प्रश्न हमखास तोंडावर येतो : ‘आजोबा, मला ओळखलंत का?’ तो गिळून टाका. डिमेन्शियात ताज्या आठवणी आधी जातात, त्यामुळे उत्तर बहुधा येत नाही. थोड्या वेळाने ते प्रश्न विसरतात, पण कानकोंडं झाल्याची भावना रेंगाळते. समोरून या, त्यांच्या नजरेच्या पातळीला बसा, आपणहून नाव सांगा. एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा. मध्येच शब्द बदलून विचारलंत, तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते.

आपल्या सोलापुरात भाषेकडे नीट पाहावं लागतं. पूर्व भागातल्या कित्येक आज्यांचं बालपण तेलुगूत गेलं, मराठी नंतर आली. या आजारात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते. ‘पाणी घ्या’ म्हटल्यावर ढिम्म बसलेली आजी ‘नीळ्ळू तागंडी’ ऐकून हात पुढे करू शकते. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘नीर कुडीरि’. पाणी, जेवण, लघवी, दुखतंय, असे दहा-पंधरा शब्द घरच्यांकडून वहीत लिहून घ्या.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. भरलेला तांब्या शेजारी ठेवून भागत नाही. तो कशासाठी आहे हेच लक्षात येत नाही. काचेच्या ग्लासातलं पाणी नीट दिसत नाही, म्हणून रंगीत पेला घ्या. अर्धा पेलाच भरा, हातात द्या, स्वतःही एक घोट घ्या. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला, तर लगेच थांबा आणि घरच्यांना सांगा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर दिवसाचं पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

संध्याकाळी घालमेल वाढते. अंधारून यायच्या आधीच दिवे लावा. निवृत्त गिरणी कामगार ‘पाळीला उशीर झाला’ म्हणत दाराकडे निघतात. १८७७ साली सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी निघाली, आणि पुढे कित्येक पिढ्यांचा दिवस भोंग्यावर सुरू झाला. ‘गिरणी कधीच बंद पडली’ असं सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते. ‘कुठल्या खात्यात होतात? साचे, म्हणजे माग, किती सांभाळायचात?’ असं विचारत चार पावलं सोबत चाला. मग चादरीचे दोन कोपरे त्यांच्या हातात द्या, दोन तुम्ही धरा. बोटं काठ चाचपतात, अंगठा सुताची गाठ शोधतो, घडी बरोबर पडते. पडली नाही तरी पुन्हा सारखी करू नका, निदान त्यांच्यासमोर तरी. सुई, कात्री, सुटे मणी नकोत. विडी वळणाऱ्या आजीला पानं द्या, तंबाखू नाही.

एका गोष्टीत मात्र उशीर करायचा नाही. डिमेन्शिया सहसा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस अचानक बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध यांपैकी काही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. ‘वयामुळे होतंय’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगा.

वार आणि वेळ ठरलेली ठेवा. तासाभराच्या भेटीत सूनबाई चहाला उठल्या, तर त्यांना म्हणा, ‘वहिनी, चहा राहू द्या, तुम्ही जरा आडव्या व्हा.’