वैडूर्य, 'ब्रिलियंट' आणि आपला चष्मा

उपस्थित बंधुभगिनींनो,

मुलांच्या प्रगतिपुस्तकापासून हिऱ्याच्या पैलूंपर्यंत सर्वत्र भेटणारा 'ब्रिलियंट' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचने त्याचे मूळ क्रियापद इटालियन 'ब्रिल्लारे', म्हणजे चमकणे, यावरून घेतले. या क्रियापदामागे बेरिल या रत्नाचे लॅटिन नाव 'बेरिल्लुस' असावे, असे अनेक कोशकार म्हणतात. मात्र ते 'कदाचित' जोडूनच म्हणतात, आणि 'ब्रिलियंट' हा आपल्या 'वैडूर्य' या संस्कृत रत्ननामातून आला, असे अभिमानाच्या भरात सांगताना आपण तेवढाच शब्द नेमका गाळतो.

त्या रत्ननामाचा पुढचा माग मात्र बराच स्पष्ट आहे. लॅटिनने ते ग्रीक 'बेरिल्लोस'वरून घेतले आणि ग्रीकांकडे ते प्राकृत 'वेरुलिय', पाली 'वेळुरिय' यांच्या कुळातून, म्हणजे आपल्या वैडूर्याच्या घरातून गेले. बेरिल भारतात सापडते, इतरत्र क्वचितच, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले आहे. तमिळनाडूत कांगेयमजवळ पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी आहेत, आणि त्याच टापूतील कोडुमणलच्या उत्खननात रत्नांचे मणी घडवण्याच्या जागा मिळाल्या आहेत.

पाणिनीने वैडूर्याची व्युत्पत्ती 'विदूर' या स्थळावरून सांगितली. त्यावर पतंजलीने महाभाष्यात शंका काढली की हे रत्न निघते वालवाय पर्वतात, विदूरला त्यावर केवळ संस्कार होतात, मग नाव विदूरचे का? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण नाव खाणीचे की कारागिरांच्या गावाचे, याची चिकित्सा दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने झाली होती. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना या शब्दाचे मूळ द्राविडी वाटते. आज आपले जवाहिरे वैडूर्य म्हणून लसण्या देतात, तो बेरिल नव्हे. खनिजशास्त्राप्रमाणे बेरिल आहे तो पाचू.

आपण जर्मनीत राहणाऱ्यांना यातील सर्वांत भक्कम पुरावा नाकावर मिळतो. मध्ययुगात येथे बेरिल किंवा स्फटिक घासून भिंगे करीत, त्यावरून चष्म्याला 'ब्रिले' हे नाव पडले, आणि या व्युत्पत्तीला कोशकार 'कदाचित' जोडत नाहीत. म्हणून 'ब्रिलियंट'वर हक्क सांगण्यापूर्वी मी चष्म्यावर सांगेन.