मँचेस्टरला जाऊन गिरणी न बघता परत येणाऱ्यांसाठी

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मँचेस्टर : दोन दिवसांत काय पाहावं, कुठे खावं' असं छापलंय. ते सांगणारच आहे. पण आधी एक तक्रार ऐकून घ्यावी लागेल, आणि दारं बाहेरून लावली आहेत.

इथल्या निम्म्या लोकांची मुलं रेडिंग, स्लाउ नाहीतर मिल्टन कीन्सला आहेत. उन्हाळ्यात तुम्ही जाणार, मुलगा गाडी काढणार आणि लेक डिस्ट्रिक्टच्या वाटेवर मँचेस्टरला तीन तास देणार. त्या तीन तासांत ओल्ड ट्रॅफर्ड. १९९० साली सतरा वर्षांच्या सचिननं पहिलं कसोटी शतक तिथे ठोकलं, नाबाद ११९. मान्य, आपल्यासाठी ते देवस्थान आहे. त्यातही काही जण भलत्याच देवळात जातात, कारण फुटबॉलचं आणि क्रिकेटचं अशी दोन्ही मैदानं त्याच नावाची, हाकेच्या अंतरावर. 'ओल्ड ट्रॅफर्ड' नावाच्या ट्रॅम थांब्यावर उतरलात तर समोर क्रिकेट. फुटबॉलसाठी वॉर्फसाइड थांबा बरा. ज्याला जे दैवत.

माझं दुखणं वेगळं आहे. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. भिवंडीलाही म्हणून झालंय. आणि अस्सल मँचेस्टरला गेल्यावर एक चाती, एक माग न बघता बाहेर पडतो! गिरणगावात तीन पिढ्या राबलेल्या घरांतली माणसं सुद्धा. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये काढली, तिची यंत्रं कुठली? मँचेस्टरला खेटून असलेल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. पुढे लालबाग-परळच्या कित्येक गिरण्यांतही त्यांचीच यंत्रं धडधडली.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातल्या गिरण्यांचा कापूस आटला. कामगार लाखोंनी उपाशी. मग गिरणीमालकांची नजर गेली आपल्याकडे, खानदेश-वऱ्हाडाकडे, गुजरातकडे. तो सगळा कापूस मुंबईहून जहाजात चढायचा आणि तिकडे सरसकट 'सुरती' म्हणून ओळखला जायचा. आता गंमत बघा. सूत काढताना कापसाची पेळू फिरत्या रुळांच्या जोड्यांमधून ओढून बारीक करतात. पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते, म्हणून ताण बसतो. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीप्रमाणे बांधलेलं असतं. तिथलं अंतर लांब अमेरिकी तंतूला जुळवलेलं, आपला तंतू आखूड. मधल्या जागेत तो मोकळा तरंगायचा, सूत कुठे जाड कुठे बारीक निघायचं आणि फटाफट तुटायचं. यंत्रं पुन्हा जुळवली तरी कचरा फार आणि तुटणं चालूच. मजुरी मालावर. जितक्या वेळा तार तुटणार आणि सांधावी लागणार, तितकी कमाई खाली. तेव्हाची आख्यायिका आहे: प्रार्थनेत पाद्री 'देवा, कापूस पाठव' म्हणाला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, 'पाठव, पण सुरती नको!'

इकडे मुंबईत पैशाचा पूर. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंदांची सट्टेबाजी, बॅकबेच्या समुद्रभरणीचे शेअर, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं पत्त्यांसारखं कोसळलं. राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदांच्या देणगीतला. म्हणजे फोर्टात उभं राहून वर घड्याळात वेळ बघता, तेव्हा लँकेशरच्या उपासमारीच्या वर्षांतला पैसा बघत असता. आणि तेच उपाशी कामगार ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले. कापूस मिळावा म्हणून गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची बाजू घेणं त्यांना सोयीचं होतं. पण त्यांनी लिंकनला पत्र धाडलं, गुलामगिरी संपवा, आमचा पाठिंबा. पुढच्याच महिन्यात लिंकननं उत्तर दिलं. ते उत्तर आज...

चिठ्ठी आली. 'वीस मिनिटं झाली, अजून एकही ठिकाण नाही.' बरं, चला, चालायला लागू.

पहिला दिवस पायी. एक सरळ रेघ आहे, दोनेक किलोमीटरची. सुरुवात कॅसलफील्डला, कारण तिथे सगळे थर एकावर एक आहेत. रोमनांचा मॅम्युसियम किल्ला, त्याच्या शेजारी १७६१ चा ब्रिजवॉटर कालवा, आणि डोक्यावर रेल्वेच्या कमानी. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा या कालव्यानं आला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर उतरला. लागूनच सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम. १८३० ची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे जिथे संपायची ते स्टेशन याच आवारात. प्रवेश फुकट, पण तिथे दुरुस्त्या चालू असतात, म्हणून कुठली इमारत उघडी आहे ते संकेतस्थळावर बघून जा. कापडाच्या दालनात यंत्रं चालवून दाखवतात, त्याची वेळ दारावरच विचारा, नाहीतर थंड लोखंड बघून परत याल.

तिथून डीन्सगेटनं वर. दहा मिनिटांत जॉन रायलंड्स ग्रंथालय. बाहेरून चर्च वाटतं. कापडाच्या व्यापारात गबर झालेल्या रायलंड्सच्या विधवेनं, एन्रिकेटानं, नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधलं. १९०० च्या पहिल्या दिवशी लोकांना खुलं झालं. गॅसच्या दिव्यांनी पुस्तकं खराब होतात म्हणून पहिल्यापासून वीज, तीही जागेवरच तयार केलेली. बाहेर काजळी ओकणारं शहर आणि आत स्वच्छ प्रकाश, हा विरोध वाचनकक्षात उभं राहिल्यावर कळतो. फुकट.

पुढे लिंकन चौक. मघाशी अर्धवट राहिलेलं ते उत्तर इथे, पुतळ्याच्या चौथऱ्यावर. मग सेंट अ‍ॅन चौकाजवळ रॉयल एक्स्चेंज. एकेकाळी कापसाचा बाजार, आता आत गोल नाट्यगृह, जुन्या दालनात उतरवलेल्या यानासारखं. नाटक नसलं तरी आत डोकवा आणि मान वर करा. १९६८ मध्ये व्यवहार बंद झाले त्या दिवसाचे भाव अजून फलकावर तसेच आहेत. इथून पाच मिनिटांवर कॅथीड्रल, आणि त्याच्या दाराशी गांधीजींचा नऊ फुटी पुतळा, २०१९ चा. घडवला कुणी? आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. परदेशी कापडाच्या बहिष्कारानं ज्या लँकेशरला झळ बसली, तिथे १९३१ मध्ये गांधीजी स्वतः गेले होते, डार्वेनच्या गिरणी कामगारांमध्ये राहिले होते. पुतळा त्या कामगारांच्याच प्रदेशात आहे. शेजारी १६५३ चं चेथम्स ग्रंथालय, जिथल्या खिडकीतल्या टेबलावर १८४५ मध्ये मार्क्स आणि एंगेल्स वाचत बसायचे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, आगाऊ नोंदणी करा.

आता खाणं, आणि मला पाचच मिनिटं दिली आहेत. दुपारी नॉर्दर्न क्वार्टरमध्ये 'राइस अँड थ्री' खा. ताटात भात आणि त्यावर तुम्ही दाखवाल त्या तीन भाज्या-रश्शांचे डाव, संपला विषय. कपड्यांच्या गोदामांत राबणाऱ्या आपल्याकडच्या कामगारांसाठी सुरू झालेली ही गोष्ट. सोप स्ट्रीटवरचं 'धिस अँड दॅट' त्यातलं नावाजलेलं. गल्ली बघून मागे फिरू नका. पदार्थ रोज बदलतात, शाकाहारी कुठले ते बोट दाखवून विचारा, आणि बाराच्या आसपास पोचा. करी माइल म्हणजे रशमचा विल्मस्लो रोड. नावात मैल असला तरी लांबी जेमतेम अर्धा मैल, आणि करीपेक्षा शोरमा, अफगाणी नान, अरबी मिठाई जास्त. करीच हवी असा हट्ट नसेल तर उत्तम.

चिप्सच्या दुकानात एकच प्रश्न विचारा: कशात तळता? इंग्लंडच्या उत्तर भागात पुष्कळ ठिकाणी बीफ ड्रिपिंग, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेलवाली दुकानंही आहेत, पण पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही. ग्रेव्हीही मांसाची धरून चाला. रविवारच्या रोस्टबरोबरचं, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाबरोबरचं यॉर्कशर पुडिंग गोड नसतं आणि पुष्कळदा चरबीतच भाजलेलं असतं. शाकाहाऱ्यांनी नट रोस्ट, म्हणजे सुक्यामेव्याचा भाजलेला लगदा, मागवावा आणि ग्रेव्ही वेगळी आहे का ते विचारावं. मशी पीज निर्धास्त खा, वाळलेले मोठे वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवून शिजवलेले, आपला रगडाच, फक्त मसाल्याची वाट बघत बसलेला. जाता जाता सांगतो, इथल्या सॅल्फर्डमध्ये विल्यम काउहर्ड नावाच्या पाद्र्यानं १८०९ मध्येच आपल्या मंडळींना मांस सोडायला लावलं होतं. तेव्हा लाजू नका, विचारा.

गोडात मँचेस्टर टार्ट: तळाला रासबेरीचा मुरंबा, वर कस्टर्ड, त्यावर खोबऱ्याचा कीस आणि एक चेरी. एकल्स केक हा केक नव्हे, बेदाणे भरलेली पापुद्र्याची वडी. लँकेशर चीजच्या तुकड्याबरोबर खातात, ते विचित्र वाटलं तरी करून बघा. पापुद्र्यात डुकराची चरबी नाही ना, एवढं विचारा. व्हिम्टो हे फळांच्या रसाचं पेय १९०८ मध्ये इथेच जन्मलं. थंडीत गरम मिळतं.

ट्रॅममध्ये कार्ड चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा लावायचं, आणि तेच कार्ड. फोननं चढलात आणि प्लास्टिकच्या कार्डानं उतरलात तर यंत्राच्या लेखी दोन माणसं, दोघांनाही जास्तीत जास्त भाडं. बसमध्ये फक्त चढताना. रविवारी मोठी दुकानं सहाच तास. पावसाचं भय घेऊ नका, वर्षभरात पडतो तेवढा मुंबईच्या एका जुलैत पडतो, पण पिरपिर फार दिवस चालते. वाऱ्यात छत्री उलटी होते, टोपीचं जॅकेट घ्या.

दुसऱ्या दिवसासाठी एकच जागा सांगतो आणि उतरतो. विमानतळाजवळ स्टाइल गावात क्वॉरी बँक, सॅम्युअल ग्रेगची १७८४ ची गिरणी, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिकीट लागतं. पाणचक्की आहे, अनाथ पोरांना राबवायला आणून ठेवायचे ते घर आहे, आणि माग चालतात. एकदोनच चालवले तरी कान दुखतात, तर शेकडो चालत असताना काय होत असेल! म्हणून विणकर बायका ओठ वाचून बोलायच्या. आडवा धागा नेणारा धोटा भरताना सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढायच्या, एकाच धोट्याला अनेकींची तोंडं, त्यातून रोग पसरायचे. मार्गदर्शकाला धोटा हातात द्यायला सांगा, भोक किती बारीक आहे ते बघा. माग रोज सगळ्या वेळी चालू नसतात, म्हणून वेळ आधी बघा, आणि परतीचं विमान मँचेस्टरहून असेल तर हे शेवटच्या दिवशी ठेवा. नाही, लेक डिस्ट्रिक्टबद्दल मी काही सांगणार नाही. तिसऱ्या रांगेतले काका, विचारा.