पानामागचा कोळी: पीक खाणारा कोणता, कोळी खाणारा कोणता

राम राम मंडळी. आज आपण मोहोळजवळच्या एका वांग्याच्या रानात आहोत. मार्च सरत आलाय, नऊ वाजायच्या आत ऊन चटके देतंय. आता हे पान बघा.

[पान कॅमेऱ्याजवळ]

वरच्या बाजूला मीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतायत ना? हे दिसलं की आपल्याकडे पहिलं काम होतं ते दुकानात फोन करायचं. "कोळी पडलाय, काहीतरी कडक द्या." माझी एवढीच विनंती आहे, फोनच्या आधी भिंग काढा. कारण या पानामागे दोन जातींचे कोळी असू शकतात. कोळी म्हणजे घरात जाळं विणणारा मोठा कोळी नव्हे, त्याच्याच कुळातला अगदी बारीक जीव, इंग्रजीत माइट. एक पिकाचा रस शोषतोय आणि दुसरा त्या पहिल्याला खातोय. दुसरा मेला तर पहिल्याला रान मोकळंच.

भिंग दहापटीचं चालतं, वीसपटीचं असेल तर फार उत्तम. पानं आधी रस्त्याकडच्या आणि बांधाकडच्या ओळीतली बघा, कारण धूळ बसते तिथे कोळी लवकर वाढतो. एकाच झाडावर अडकू नका, रानभर फिरून खालची आणि मधली पानं उलटी करून बघा.

[भिंगातून दृश्य: पानाची मागची बाजू]

हा दोन ठिपक्यांचा कोळी. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अंग फुगीर, फिकट हिरवट, दोन्ही कुशींना एकेक काळा डाग. पुढच्या बाजूला दोन बारीक लाल ठिपके आहेत, ते त्याचे डोळे. पाय मोजा, आठ. म्हणजे हा किडा नाही, कोळ्याच्या कुळातला आहे. फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, त्यामुळे सहा दिसले तरी गोंधळू नका. आणि हा मुक्काम ठोकून बसतो. काडीने डिवचला तरी सावकाश सरकतो.

त्याच्या आजूबाजूला बघा, गोल गोल काचेसारखी स्वच्छ अंडी आहेत. बारीक जाळंही आहे आणि त्या जाळ्यात धूळ अडकलीय. तोंडाचा टोकदार भाग पानात खुपसून हा पेशी रिकामी करतो. हरितद्रव्य गेलं की तिथे पांढरा ठिपका उरतो. असे हजारो ठिपके झाले की पान तांबूस पडतं आणि गळतं. तीस अंशांच्या आसपास तापमान असलं की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला याला आठवडाभर पुरतो. आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो का फोफावतो, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं थांबा. शिरेजवळ काय पळतंय बघा.

[भिंगातून दृश्य: मधल्या शिरेजवळ एक चकचकीत कोळी धावतो]

दिसला? भिंगाखाली धरेपर्यंत निसटतो. हा भक्षक कोळी, फायटोसीड कुळातला. आपल्या देशात या कुळातली निओसियुलस लाँजिस्पिनोसस ही जात भाजीपाल्यावर सापडते आणि ती जाळ्यातही शिरते. अंग थेंबाच्या आकाराचं, मागे रुंद, पुढे निमुळतं. वरून गुळगुळीत आणि चकचकीत. पाय लांब, आणि पुढचे दोन पाय वर धरून चाचपत चालतो, कारण या कुळाला डोळेच नसतात. अंडी बघायची तर शिरेच्या कुशीत बघा. लांबट, पांढुरकी आणि त्या गोल अंड्यांपेक्षा मोठी.

एक सांगते, रंगावर अजिबात जाऊ नका. भक्षक कोळी एरवी फिकट पिवळसर असतो, पण लाल कोळी खाल्ला की त्याचं पोट लालसर दिसतं. उलट पीक खाणारा कोळी हिरवट, पिवळट, लाल, कसाही असू शकतो. चाल, अंगाची ठेवण आणि अंडी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच खात्री माना.

भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका आणि अर्धा मिनिट बघा. जागच्या जागी सरकणारे ठिपके बहुतेक पीक खाणारे असतात. सुसाट पळणारा दिसला तर औषधाचा हात आवरा आणि कुणाकडून तरी भिंग मागून आणा. कागदावर फक्त अंदाज येतो, निकाल भिंगच देतं.

आणि ढेकळांत दिसणारा तो मखमली, लालभडक मृगाचा किडा? तोही कोळ्याच्याच कुळातला. पीक खात नाही, बारीक किडे आणि त्यांची अंडी खातो. त्याला बघून घाबरून फवारणी करू नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सगळे पीक खाणारे कोळी असे जाळं विणून बसत नाहीत.

मिरची घ्या. शेंडा आखडला की आपण सरसकट बोकड्या म्हणतो. पण पानांच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून देठ लांबले असतील तर पिवळ्या कोळीचा संशय घ्या. हा दोन ठिपकेवाल्याच्या निम्माही नसतो आणि जाळं करत नाही, म्हणून शेंड्याचं कोवळं पान भिंगाखाली घ्यावं लागतं. त्याचं अंडं एकदा बघाच. पारदर्शक, आणि वर पांढऱ्या उंचवट्यांच्या रांगा. दुसऱ्या कशाशी घोटाळा होणार नाही. डाळिंबावर चपटा लाल कोळी असतो. तोही जाळं करत नाही, पानामागे शिरेला चिकटून राहतो.

तुरीचं दुखणं मात्र वेगळंच आहे. झाड झुडपासारखं वाढलंय, पानं लहान आणि फिकट, फूल नाही, शेंग नाही. आपण त्याला वांझ रोग म्हणतो. तो विषाणूमुळे होतो आणि विषाणू वाहून नेतो एरिओफिड कोळी. लांबट, अळीसारख्या ठेवणीचा, आणि पाय फक्त चार. साध्या भिंगाने तो शोधत बसण्यात अर्थ नाही, झाडाची लक्षणंच बघायची. असं झाड लवकर दिसलं तर उपटून टाका. बांधावर आपोआप उगवलेली आणि खोडव्याची तूर ठेवू नका, कारण पुढच्या हंगामापर्यंत कोळी आणि विषाणू दोन्ही तिथेच तग धरतात. बीएसएमआर ७३६ सारखं रोगाला दाद न देणारं वाण पेरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

परत या वांग्याकडे येऊ. अळीसाठी सायपरमेथ्रीन, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन अशी पायरेथ्रॉइड गटातली औषधं वरचेवर मारली की भक्षक कोळी साफ होतो. पीक खाणारा मात्र जाळ्याच्या आडोशाने आणि अंड्यांच्या जोरावर पुन्हा उठतो, आणि पहिल्यापेक्षा जास्त. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतरही कोळी वाढल्याचं अभ्यासात दिसलंय. "औषध मारलं तरी कोळी वाढला" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी विचारते, त्याआधीच्या फवारण्यांमध्ये काय मारलं होतं?

मग करायचं काय? दहा पीक खाणाऱ्यांमागे एखादा भक्षक दिसत असेल तर चार दिवस थांबून परत मोजा. हा ढोबळ आडाखा आहे, पण उपयोगाचा आहे. तोवर पानामागे साध्या पाण्याचा जोरदार फवारा द्या आणि गाडीवाटेची धूळ पाणी मारून बसवा.

भक्षक नाही आणि कोळी वाढतोच आहे, तर फवारा. पण कोळीनाशकच घ्या आणि लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे ना, ते वाचून घ्या. दर वेळी तेच औषध नको, गट बदला. गंधक भर उन्हात मारू नका, पानं करपतात. नोझल खालून वर धरा, कारण वरून कितीही भिजवलं तरी कोळी मागेच आहे.

[भिंगातून दृश्य: पानामागची पांढरी टरफलं]

फवारल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत पान उलटा. ही पांढरी टरफलं दिसतायत ना? हा मेलेला कोळी नाही, जिवंतही नाही. वाढताना टाकलेली कात आहे. बरेच जण ही बघून "अजून आहे" म्हणतात आणि दुसरा पंप भरतात. काडीने हलवा. पाय हलले तरच मोजा, आणि सोबत गोल अंडी किती उरलीत तेही बघा. कारण काही औषधं मोठा कोळी मारतात, अंड्यांना त्यांचं काही होत नाही, आणि त्यातून निघणारी पिल्लं आठवड्याच्या आत रानात असतात.